कौसाआत्याच्या गालावरची माती

आधी माझी चूक सांगून टाकतो. नाहीतर पुढचं लिहिताना ती मध्ये मध्ये येत राहील.

पाच उन्हाळ्यांपूर्वी, आमच्या शेतातल्या घरी, दादासमोर आणि वहिनीसमोर मी माझ्या आत्याला म्हणालो, "अंदाज चुकला असन आत्या. वय झालं ना आता." तिचा अंदाज चुकला नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण जे घडलं ते मीच केलं होतं. आणखी तीन लेकरांना ठाऊक होतं. त्यांना मी गप्प बसवलं होतं. मी शिक्षक आहे. नागपुरात पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला सांगत आलो आहे. तेव्हापासून वर्गात तो शब्द आला की मी फळ्याकडे वळतो.

कौसाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत परत आली. का आली, हे तिनं कधी नीट सांगितलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायची, "तिकडे नुसतं बसून राहा म्हणत." ऐकणाऱ्याला हे उत्तर अपुरं वाटे. तिला ओळखणाऱ्याला ते पुरे होतं. ही बाई बसतच नसे. चहा उभ्यानं, जेवण ताट हातात घेऊन ओट्याला टेकून. दिवसा बाजेवर टेकलेली मी तिला लहानपणी एकदाच पाहिली, पायात बाभळीचा काटा मोडला होता तेव्हा. तोही तिनं निम्मा काढला, बाकीचा "जाईन आपोआप" म्हणून तसाच ठेवला आणि उठली. वहिनी नवी लग्न होऊन आली त्या आठवड्यात हात जोडून म्हणाली होती, "आत्याबाई, तुमच्या पायाले भिंगरी आहे. तुम्ही बसल्याशिवाय मी कशी बसू?" आत्या म्हणाली, "तू बस ना वं बाई. एका घरात एकच भिंगरी पुरे."

आमचं घर पुसदपासून अर्ध्या तासावर, गावाबाहेर शेतातच आहे. पुढे कपाशी-तुरीची काळी जमीन, मागे मुरमाड चढ. तो चढ कोणाला नकोच होता. आत्या परत आली तेव्हा वडिलांनी तिला विचारलं, काय देऊ. तिनं तो चढ मागितला. तिथे तिनं संत्र्याची दीडशे झाडं लावली आणि जगवली. सुरुवातीची वर्षं डोक्यावर पाणी वाहून, पुढे विहिरीवर मोटर बसली तेव्हा मोटरनं, मग ठिबकच्या नळ्यांनी. बाग कागदावर कोणाच्या नावावर आहे हे आम्ही भावांनी कधी पाहिलं नाही. बाग आत्याची होती, जशी नाक-डोळे आत्याचे होते.

त्या झाडांना तिनं नावं दिली होती, आणि नावं म्हणजे टोमणे होते. विहिरीला लागून असलेलं झाड जावई. "सगळ्यात पह्यले पाणी याले, सगळ्यात कमी फळ याचं." कोपऱ्यात एक उंच, डौलदार, पण फळाला आळशी झाड होतं. त्याचं नाव मास्तर. मी नोकरीला लागलो त्या वर्षी ठेवलेलं. मी विचारलं, माझं नाव काहून? म्हणाली, "दुरून चांगलं दिसते ना!"

तिची एक सवय मात्र दुसऱ्या कोणाची मी पाहिली नाही. झाडाखालचा पालापाचोळा बाजूला करून ती खुरप्यानं माती उकरायची, तिची मूठ वळायची, आणि ती मूठ डाव्या गालाला लावून डोळे मिटायची. मातीत ओल किती आहे ते तिला तसं कळे. "बोटं मेली कामानं," ती म्हणायची. "बोटाले सगळं सारखंच लागते. गाल जिता आहे अजून." त्यामुळे तिच्या डाव्या गालावर नेहमी मातीचा एक डाग असे. पुसदच्या बाजारात, लग्नात, तेराव्याला, कुठेही. आई पदरानं पुसायला गेली की तोंड फिरवायची. एकदा खताच्या दुकानातला एक पोरगा यंत्र घेऊन ओल मोजायला आला होता. यंत्राची सुई हलेना. आत्यानं त्याच्या गालावर माती थापली आणि म्हणाली, "सांग बरं आता, पाणी द्यायचं का नाही?" पोरगा लाजून म्हणाला, "थंड लागते बाई." "मंग? फुकटचं यंत्र आहे तुह्यापाशी, अन् डब्यात बॅटरी घालत हिंडतोस!"

संत्र्याची एक गोष्ट इथे सांगावी लागेल. पावसाळ्याच्या तोंडाशी झाड फुलायला हवं असेल तर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. महिना, दीड महिना. याला ताण देणं म्हणतात. पानं कोमेजतात, वळतात, काही गळतात. झाड मरायला टेकलंय असं वाटतं. तेवढं सोसल्यावर, पाणी मिळालं की ते फुलतं. मधेच कोणी पाणी दिलं तर झाड सैलावतं, नुसती पानं काढतं, आणि ते वर्ष गेलं. कधी तोडायचं, किती ताणायचं, हे जमिनीवर असतं. आमच्या चढावर ते आत्याच्या गालावर होतं.

त्या दिवसांत ती सगळ्यात बेचैन असे. कारण करायचं काहीच नसे. नुसतं पाहायचं. पहाटेपासून पाच-सहा चकरा. झाडाच्या बुंध्याला चापट मारून म्हणायची, "थांब जरा. मलेही तहान लागते." आणि खरंच, ताणाच्या दिवसांत ती बागेत पाण्याचा तांब्या नेत नसे. झाडांसमोर पाणी पिणं तिला बरं वाटत नसे.

मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला ती त्या दिवसांत कुलूप लावायची आणि किल्ली कनवटीला. मोटर दुरुस्त करायला पुसदहून सलीमभाई यायचे. त्यांनी एकदा हसून विचारलं, "आपा, मोटर को ताला? चोर का डर है क्या?"

"चोराचं कायले भेव सलीमभाई? चोर मोटर नेईन, दुसरी घेता येते. ज्याले कळवळा येते ना, त्याचं भेव आहे."

सलीमभाई बराच वेळ हसत होते. मीही हसलो होतो. तेव्हा ते वाक्य माझ्याविषयी आहे हे मला माहीत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या मुलीला, मुक्ताला, घेऊन तिथे जायचो. दादाची दोन मुलं आणि ती, असा तिघांचा कळप. आत्या न्हाणीच्या सांडपाण्यावर प्रत्येकाला एक वाफा द्यायची. ढेमसे, काकडी, चवळी, ज्याला जे हवं ते. अट एकच: पाणी घालायच्या आधी मातीला विचारायचं. चार वर्षांची असताना मुक्तानं काकडीला दिवसातून सात वेळा पाणी घातलं. वेल पिवळा पडून गेला. ती रडायला लागली. आत्या म्हणाली, "लाडानं मारलं तू त्याले," आणि तिच्या मुठीत नवं बी ठेवलं. तिनं आणखी समजूत काढली नाही, आणि मुक्ताला ती लागलीही नाही.

मग संध्याकाळी हजेरी असायची. "मूठ दाखवा!" तिघंही ओळीत, तिघांच्याही डाव्या गालावर माती. वहिनी कुरडयांच्या चिकात हात घालून ओट्यावरून ओरडायची, "अवो, ह्या लेकराईले आत्ताच न्हाऊ घातलं मी!" आत्या म्हणायची, "मंग काय झालं? मातीनं कोणी बाटते काय?"

त्या वर्षी मुक्ता नऊ वर्षांची होती. दिग्रसला नात्यात लग्न निघालं. घरातले सगळे निघाले. मी लेकरांपाशी थांबलो. दादा-वहिनी लग्न आटोपलं की दुसऱ्या दिवशी परतणार होते, आत्याला आणखी तीन दिवस राहायचं होतं. ताण सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. निघताना आत्यानं कनवटीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"दादापाशी देत नाही," ती हळूच म्हणाली. "तो दोन वर्षांपासून म्हणून राह्यला, थोडं थोडं पाणी देऊ. तू आपला माणूस आहे. हात नको लावजो. काहीही झालं तरी."

"नाही लावत," मी म्हणालो.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर घरघरत होता, मग वीज गेली आणि तोही बंद पडला. झोप येईना. उठून मागे गेलो. बाग पाहवत नव्हती. पानं वळून सुरळ्या झाली होती. वारा आला की कागदासारखा आवाज यायचा. मी दहा मिनिटांत तीनदा आत गेलो, तीनदा बाहेर आलो. लेकरं मास्तर झाडाखाली उभी होती. मुक्ता म्हणाली, "बाबा, तुमचं झाड मरतंय."

"मरत नाही बेटा. ताण दिलाय आत्याआजीनं."

"पण त्याला तहान लागलीये ना?"

मला झाडांची दया आली, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. त्या जमिनीवर माझं काही चालत नव्हतं. मी दरवर्षी पाहुण्यासारखा येऊन आंब्याचं पन्हं पिऊन जात होतो. खिशात किल्ली होती, घरात कोणी मोठं माणूस नव्हतं, आणि माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती. वीज आली तसं मी कुलूप काढलं.

त्या दिवशी तीन तास मोटर चालली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन तास. एका जोडावर नळी निसटली आणि पाण्याचं कारंजं उडालं. तिन्ही लेकरं कपड्यांसकट त्यात नाचली. मीही नळी बसवायची घाई केली नाही. त्या उन्हाळ्यातला तो सगळ्यात आनंदाचा तास होता, हे मी लपवणार नाही. मग नळी बसवली, कुलूप लावलं, आणि लेकरांना म्हणालो, "हे कोणाला सांगायचं नाही हं. गंमत आहे आपली."

दादा-वहिनी आले. दादा त्या दिवसांत आत्याच्या बागेत पाय ठेवत नसे, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. मुरमाड जमीन, वर पालापाचोळा. तीन दिवसांच्या उन्हात वरून सगळं होतं तसं कोरडं झालं.

आत्या आली ती पिशवी ओट्यावर टाकून थेट मागे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. पहिलं झाड, दुसरं, तिसरं. मूठ गालाला लावायची, डोळे उघडायची, पुन्हा उकरायची. बऱ्याच वेळानं मागच्या दारात आली. आम्ही तिघं चहा घेत होतो.

"वीतभर खाली ओल आहे रे," ती म्हणाली. "मी जातांना नव्हती." मग माझ्याकडे पाहून, "किल्ली तुह्यापाशीच होती ना?"

"हो."

"कोणी मागतली?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. मोटर लावली का, हे तिनं विचारलंच नाही. ते विचारणं म्हणजे माझ्यावर संशय घेणं झालं असतं, आणि ते तिच्या मनात आलं नाही. ती उंबऱ्यातच उभी राहिली. स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "कोरडी होती. मी पाह्यली होती. का नव्हती?"

मला दादाची नजर दिसत होती. मला माझी शिक्षकी दिसत होती. तिथे मी ते वाक्य बोललो. अंदाज चुकला असन आत्या. वय झालं ना आता.

तिनं डाव्या गालावरून हात फिरवला. माती पुसली. एवढंच. पण तिनं स्वतः तो गाल पुसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पंधरा दिवसांत झाडांवर पोपटी, चकचकीत नवी पानं आली. पाऊस आला तेव्हा आजूबाजूच्या बागा फुलल्या. आत्याची बाग नुसती हिरवीगार होती. मास्तर सगळ्यात सुंदर दिसत होता, असं दादा फोनवर म्हणाला. हसत म्हणाला होता, त्याला काय ठाऊक. त्यानंतर एके दिवशी आत्यानं स्वतः किल्ली आणून दादाच्या हातात दिली. "माह्या गालाले आता कळत नाही," म्हणाली. दादा काही दुष्ट माणूस नाही. त्यानं नको नको म्हटलं, मग घेतली. पुढे तो मोबाईलवर दुकानदाराला विचारून पाणी देऊ लागला. थोडं थोडं, बारा महिने. कुलपाची गरजच उरली नाही. फळं येत राहिली, कधी या फांदीला, कधी त्या. किल्ली खुंटीला टांगली गेली.

आणि आत्या बसायला लागली.

हे मला पाहवत नसे. दरवर्षी सुट्टीत गेलो की ती पडवीतल्या बाजेवर बसलेली. गाल स्वच्छ. लेकरं विचारत, "आत्याआजी, काकडी तोडू का?" ती म्हणे, "दादाले विचारा." "वाफ्यात पाणी घालू?" "सूनबाईले विचारा." संध्याकाळची हजेरी बंद झाली. मी दरवर्षी ठरवून जायचो, यंदा सांगायचं. पहिल्या दिवशी वाटे, आजच आलोय. शेवटच्या दिवशी वाटे, आता निघायच्या वेळी कशाला. मधले दिवस मी घरातून मागे आणि मागून घरात फिरत काढायचो. तिची भिंगरी माझ्या पायाला लागली होती, पण माझी कुठेच पोचत नव्हती.

यंदा मुक्ता चौदा वर्षांची आहे. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी आत्या पडवीत रांजणापाशी उभी होती. हात कोपरापर्यंत पाण्यात. मुक्ताला म्हणाली, "पोरी, पाहा बरं, थंड झालं काय पाणी? मले समजत नाही."

मुक्तानं रांजणात हात घातला. "थंड आहे आजी," म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या मोटरबद्दल पाच वर्षं ती कोणाजवळ बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आम्ही सगळे पडवीत होतो. आत्या बाजेवर होती. मी उभा राहिलो.

"आत्या, त्या वर्षी मोटर मी लावली होती."

"कोणत्या वर्षी?" दादानं विचारलं.

आत्यानं ते विचारलं नाही. तिनं कप खाली ठेवला. "किती वेळ?"

"दोन दिवस. तीन-तीन तास."

ती मनात काहीतरी मोजत राहिली. ओठ हलत होते. "सहा तास," ती म्हणाली. "मंग वीतभर ओल बरोबरच आहे." आणि मान वर करून, "म्हणजे मी जातांना कोरडीच होती."

"कोरडीच होती, आत्या."

"कोरडीच होती वं," तिनं वहिनीकडे वळून सांगितलं, जणू गावात आताच काही बातमी आली आहे. मग पुन्हा माझ्याकडे. "लेकराईले माहीत होतं?"

मुक्ता दारात उभी होती. मी म्हणालो, "हो. मीच सांगतलं होतं, बोलू नका म्हणून."

"मोटरचं कुलूप काढलं," आत्या म्हणाली, "अन् पोरीच्या तोंडाले लावलं. मोठा मास्तर!"

ती उठली. चप्पल न घालता मागच्या दारानं निघाली. दादा काहीतरी बोलायला लागला. वहिनीनं त्याच्या हातावर हात ठेवला. मी दारापर्यंत गेलो, पुढे गेलो नाही. आत्या चढ चढली. खुरपं नव्हतं, नखांनीच उकरत होती. जावई झाला, पुढची रांग झाली. कोपऱ्यातल्या मास्तरापाशी ती वाकली, मूठ वळली, आणि उजव्या हातानं खोडाचा आधार घेऊन मूठ डाव्या गालाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ तशीच राहिली. मग मूठ झटकली, खोडावर एक चापट मारली आणि खाली आली. येताना चालत नव्हती, जवळजवळ पळत होती.

"खाली चिखल करून ठेवला आहे," ती दादाला म्हणाली. "आजपासून पाणी बंद. किल्ली आण."

दादानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरून किल्ली काढून दिली. ती तिनं कनवटीला खोचली. गालावर माती होती. ती पुसली नाही.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला माफ कर म्हणायला तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला.

"आधी हे सांग. त्या दिवशी तू काय म्हणला होता, आठवते?"

"आठवते."

"कुठी उभा होता?"

"आत. चुलीपाशी."

"मंग चाल."

आम्ही आत गेलो. दादा, वहिनी, मुक्ता, सगळे मागोमाग आले. आत्या मागच्या दाराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, त्या दिवशी होती तशी. मी चुलीपाशी माझ्या जागेवर उभा राहिलो. ती वाट पाहत होती. मी पन्नाशीचा माणूस, आणि या वेळी वळायला फळा नव्हता.

"आत्या," मी म्हणालो, "तुहा अंदाज चुकला नव्हता. वयाचं मी खोटं बोललो. चूक माही होती. मले माफ कर."